गिरगांव ते गिरगाव : एका टिंबाचा इतिहास

१/
शंभर वर्षांपूर्वी मुंबईत छापलेली मराठी पुस्तके चाळताना छापखान्याच्या किंवा प्रकाशकाच्या पत्त्यात 'गिरगांव, मुंबई' हे शब्द वारंवार भेटतात. 'गां'च्या डोक्यावर एक टिंब असते. आज त्याच रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांवर 'गिरगाव' असते. टिंब गेलेले आहे. माझगांव, नायगांव, गोरेगांव यांच्याही डोक्यावरून ते उतरले. ते कोणी काढले, का काढले, आणि काढताना कोणाचा उच्चार प्रमाण धरला गेला, याचा हा धागा. विषय एका टिंबाचा दिसतो. प्रत्यक्षात तो 'शुद्ध' बोलणारा कोण, या प्रश्नाचा आहे.

२/
प्रथम ध्वनी समजून घेऊ. तोंड आणि नाक या दोहोंतून मिळून उच्चारला जातो तो ध्वनी अनुनासिक, अशी व्याख्या पाणिनीनेच केली आहे. मराठीत अशा ध्वनींची दोन कुळे. एक व्यंजनांचे : न, ण, म इत्यादी. 'आंबा', 'चिंच', 'तोंड' यांतले टिंब अशा व्यंजनांचेच काम करते. 'आम्बा', 'चिञ्च', 'तोण्ड' असा तो उच्चार. दुसरे कुळ स्वरांचे : येथे स्वतंत्र व्यंजन नसते, स्वरच नाकातून निघतो. हिंदीतील 'गाँव' किंवा 'हाँ' आठवावे. 'गिरगांव'वरचे टिंब या दुसऱ्या कुळातले होते.

३/
ते आले कोठून? संस्कृत 'ग्राम' प्राकृतात 'गाम' झाला. पुढे 'म'चे ओठ सैल पडले आणि त्याचा 'व' झाला. मात्र 'म'मधला नाकाचा अंश नष्ट न होता मागच्या स्वरावर चढून बसला. 'गांव' सिद्ध झाले. 'नाम'चे 'नांव' झाले तेही याच वाटेने. 'दन्त'चा 'दांत', 'पञ्च'चे 'पांच', 'कण्टक'चा 'कांटा' झाला, तेथेही विरघळलेल्या व्यंजनाची खूण म्हणून टिंब उरले. फ्रेंच भाषेत लॅटिन शब्दांतील 'न्' आणि 'म्' असेच विरले आणि सानुनासिक स्वर मागे ठेवून गेले. टिंब म्हणजे गेलेल्या ध्वनीचे स्मारक होय.

४/
परंतु ते केवळ स्मारक नव्हते. त्याच्याकडे व्याकरणाचे कामही होते. जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. 'ती' म्हणजे ती स्त्री आणि 'तीं' म्हणजे ती मुले, ती घरे. 'तो जातो', पण 'मी जातों'. 'मी गेलों', पण 'मीं पुस्तक वाचलें'. पहिल्या वाक्यातील 'मी' प्रथमेचा, दुसऱ्यातील तृतीयेचा. नपुंसकलिंगी 'केलें', 'झालें', 'तें' यांच्या शेवटी टिंब. तृतीयेच्या 'त्यानें', 'रामानें' यांच्याही शेवटी टिंब. एका ठिपक्यावर लिंग, वचन, पुरुष आणि विभक्ती यांचा भार होता.

५/
ही घडण किती जुनी आहे, याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी असलेला प्रसिद्ध लेख सामान्यतः बाराव्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो. 'श्रीचावुण्डराजें करवियलें' असे त्याचे पहिले वाक्य अभ्यासक वाचतात. अवघे दोन शब्द, आणि दोन अनुस्वार. 'राजें'वरचा तृतीयेचा, म्हणजे 'चावुंडरायाने' या अर्थाचा. 'करवियलें'वरचा नपुंसकलिंगी क्रियापदाचा. मराठीचा जो लेख पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित झाला, तो असा नाकातून बोलतो.

६/
पुढे भाषेची वाट दुभंगली. सह्याद्रीच्या पूर्वेला, देशावर, हे सानुनासिक स्वर हळूहळू साधे होत गेले. मराठी मुद्रणाने बाळसे धरले त्या एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या शिष्ट उच्चारातून ते बहुतांशी विरले होते. कोकणात मात्र ते टिकले. मालवणीत 'येथे, तेथे, कोठे' यांना 'हंय, थंय, खंय' म्हणतात; तिन्ही नाकातले. 'झाले'चे 'झालां', 'केले'चे 'केलां'. 'तो जाता', पण 'मी जातंय' : पुरुषभेदाची जी खूण जुन्या मराठीत 'जातों'वर होती, तिचे काम मालवणीत आजही नाकच करते. गोव्याच्या कोंकणीत 'गांव' अद्याप 'गांव'च आहे, आणि मराठीने 'कोकण' केले तरी तिने स्वतःचे नाव 'कोंकणी' असेच राखले.

७/
येथे इतिहासाचा एक विनोद दडलेला आहे. ज्या पुण्याचा उच्चार पुढे प्रमाण ठरला, त्या पुण्यातील सत्ताधारी आणि विद्वान वर्गाचा मोठा भाग मूळचा कोकणातलाच होता. १७१३ साली पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे. त्यांच्या पाठोपाठ चित्पावन घराणी घाट चढून आली. त्यांची घरची चित्पावनी बोली सानुनासिक स्वरांनी ओथंबलेली. परंतु घाटावर स्थिरावलेल्या पिढ्यांनी देशावरचा उच्चार उचलला आणि नाकातले स्वर घाटाखाली राहिले. पुढे रत्नागिरीकडचा मनुष्य 'नाकात बोलतो' अशी थट्टा होऊ लागली. त्या थट्टेत सामील होणाऱ्या कित्येकांचे पूर्वज तसेच बोलत असत.

८/
उच्चार पुण्याचा, तरी त्याला लेखी रूप देण्याचे मोठे काम मुंबईत झाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला. त्याची विस्तारलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. मुंबईकर दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६चे. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' काढले ते १८३२ साली, मुंबईतच. या पिढीच्या लेखनात टिंबे भरभरून आहेत. म्हणजे प्रमाण मराठीचे लेखन जुन्या व्युत्पत्तीला धरून राहिले आणि तिचा शिष्ट उच्चार पुढे निघून गेला. लेखणी आणि जीभ यांच्यातील हे अंतर शंभराहून अधिक वर्षे टिकले.

९/
तोपर्यंत मुंबईची जीभ एक राहिलेली नव्हती. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्याचे काम नॉर्वेचे भाषापंडित स्टेन कोनो यांनी केले. मुंबई आणि उत्तर कोकण या टापूतील बोलींची त्यातली यादीच पाहण्यासारखी आहे : परभी, कोळी, आगरी, किरिस्ताव, बाणकोटी, संगमेश्वरी. चित्पावनी त्यांनी कोंकणीच्या प्रकरणात घातली. पाठारे प्रभू, कोळी, गिरगावच्या खोताच्या वाडीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती : एकेका समाजाची आपली मराठी होती, आणि प्रत्येकीचे नाक निराळे होते.

१०/
या शहरावर आणखी एक थर चढला, गिरण्यांचा. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी हा पट्टा भोंग्यांनी भरून गेला. कामगारांचा सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्यातून आला. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. तो वेगळा झाला १९८१ साली. बोटीने मुंबईला उतरलेला मनुष्य गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकी आणि गावाकडच्याच खाणावळीत जेवी. बोली बदलण्याचे त्याला कारणच नव्हते.

११/
अशा चाळीच्या एकाच मजल्यावर तीन-चार मराठी नांदत. एका खोलीत 'खंय गेल्लंस?' अशी मालवणी विचारणा. शेजारी सातारा, पुणे, नगर या बाजूने आलेले घाटावरचे कुटुंब. त्यांच्या बोलण्यात तो नाकातला स्वर नाही. जवळच्या कोळीवाड्यातील मासळीवाली स्वतःला 'कोळीण' न म्हणता 'कोलीन' म्हणणारी. तिच्याकडे 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न'. नळावर एक पाणी भरी, दुसरी पानी भरी. भांडण लागले तर ते पाळीवरून लागे, उच्चारावरून नव्हे. उच्चाराचा निवाडा दुसरीकडे होई : शाळेत.

१२/
टिंबांच्या काळातील शाळेत शुद्धलेखन ही मोठी कसोटी होती. 'त्यानें आंबा खाल्ला, पण मीं कांहीं खाल्लें नाहीं' एवढ्या वाक्यात टिंबाच्या सात जागा. त्यांपैकी कानाला खात्रीने ऐकू येणारे टिंब एकच, 'आंबा'वरचे. उरलेली सारी पाठांतराने घालायची : तृतीया असेल तर द्या, नपुंसकलिंग असेल तर द्या, प्रथमपुरुष असेल तर द्या. घाटावरच्या मुलाला हे सर्व घोकावे लागे, कारण त्याच्या घरी ते कोणी उच्चारत नसे. सानुनासिक बोली बोलणाऱ्या मुलाला त्यांपैकी काही जागा तरी घरच्या कानाने कळत. टिंबांचे लेखन ही एकच गोष्ट बहुधा अशी होती, जिच्यात कोकणी कान पुणेरी कानाच्या पुढे होता.

१३/
न उच्चारली जाणारी ही टिंबे काढावीत, असा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू होता. एका बाजूला, लेखन उच्चाराच्या जवळ यावे, मुलांवरचा जाच कमी व्हावा, छपाई सोपी व्हावी, हे मत. दुसऱ्या बाजूला, व्युत्पत्तीचे दुवे तुटतील, व्याकरणातील भेद पुसले जातील, ही भीती. दोन्ही पक्षांत विद्वान होते आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते. एक प्रश्न मात्र या वादात क्वचितच ऐकू आला : 'न उच्चारली जाणारी' म्हणजे कोणी न उच्चारलेली?

१४/
१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मराठी राज्यभाषा झाल्यावर शाळा, कचेऱ्या आणि छापखाने यांना एकच लेखनपद्धती हवी होती. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि १९३५ साली स्थापन झालेला गिरगावचा मुंबई मराठी साहित्य संघ या संस्था त्यात एकत्र आल्या. महामंडळाने सुचवलेले चौदा नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. आजची छापील मराठी या अठरा नियमांवर चालते.

१५/
त्यांतील पहिले नियम अनुस्वाराचे आहेत, यावरून प्रश्नाचे वजन कळते. स्पष्ट उच्चार होणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यावा : आंबा, चिंच, तंटा. अनेकवचनी सामान्यरूपावर द्यावा : लोकांना, मुलांनी, आदरार्थी बहुवचनातही. याखेरीज इतर कोणत्याही कारणाने, मग ते व्युत्पत्तीने सिद्ध होवो वा न होवो, अनुस्वार देऊ नये. या शेवटच्या नियमाने गांव 'गाव' झाले, नांव 'नाव' झाले, दांत 'दात' झाले, केलें 'केले' झाले. मराठीच्या पानावरची असंख्य टिंबे नियमाच्या एका ओळीने उतरली.

१६/
या सुधारणेचे श्रेय नाकारता येणार नाही. सर्वांसाठी शाळा उघडत असताना, व्युत्पत्ती ठाऊक असलेल्यालाच जमेल असे लेखन ठेवणे हा अन्याय झाला असता. गिरणगावातील मुलाचाही भार हलका झाला, मग तो साताऱ्याचा असो वा सावंतवाडीचा. परंतु निर्णयाचे कारण म्हणून जे सांगितले गेले ते तपासून पाहावे लागते. ही टिंबे 'अनुच्चारित' होती, असे म्हटले जाते. लालबागच्या चाळीत, मालवणच्या बंदरात, रत्नागिरीच्या ओटीवर तो नाकातला स्वर रोज उच्चारला जात होता. पु. ल. देशपांडे यांच्या अभिवाचनातील रत्नागिरीचा अंतू बर्वा ऐकावा. त्याच्या नाकातून ती सारी टिंबे खणखणीत ऐकू येतात.

१७/
लेखन उच्चारानुसार हवे, हे तत्त्वही सरसकट लावले गेले नाही. 'सिंह' हा शब्द मराठी माणूस 'सिंव्ह' असा उच्चारतो, 'संशय'चा उच्चार 'सौंशय'कडे झुकतो. हिंदी भाषिक 'सन्शय' म्हणतो. तरीही लेखनात 'सिंह' आणि 'संशय' तसेच राहिले, आणि ते योग्यच झाले, कारण तत्सम शब्दांचे रूप राखणे सोयीचे होते. म्हणजे कोठे उच्चार पाहिला गेला, कोठे परंपरा पाहिली गेली. कोणतीही लेखनपद्धती अशीच, तडजोडीने घडते. मग दुसऱ्या एका अनुनासिकाचा निवाडा कसा झाला, तेही पाहू.

१८/
तो अनुनासिक म्हणजे 'ण'. पुण्याच्या उच्चारात 'न' आणि 'ण' स्पष्ट वेगळे आहेत. परंतु आगरी, कोळी, वऱ्हाडी आणि इतर अनेक बोलींत 'ण'चा 'न' होतो : पानी, कोन, आनि. महाराष्ट्रातील फार मोठ्या लोकसंख्येच्या तोंडी 'ण' स्वाभाविक नाही. तरीही येथे 'अनुच्चारित ण काढून टाका' असे कोणी म्हटले नाही. उलट 'ण' हीच शुद्धतेची परीक्षा झाली. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसले गेले, मुलाखतीत त्याची जात ताडली गेली, व्यासपीठावर त्याची नक्कल झाली. कोकणच्या अनुनासिकाची झाली ती थट्टा. 'न'वाल्यांच्या वाट्याला आली ती अवहेलना.

१९/
आता थोडी व्युत्पत्ती. प्राकृत व्याकरणकार वररुची महाराष्ट्री प्राकृताविषयी सांगतो की, तिच्यात सर्वत्र 'न'चा 'ण' होतो : नगर 'णअर', नदी 'णई'. मराठीने शब्दारंभीचा 'न' पुन्हा स्वीकारला. मधला 'ण' ठेवला. म्हणून संस्कृत 'पानीय'चे मराठीत 'पाणी' झाले आणि 'जन'चा 'जण' झाला. याउलट जेथे संस्कृतात 'र्ण' होता, तेथे प्राकृतात 'ण्ण' आणि मराठीत 'न' आला : पर्ण-पान, कर्ण-कान, सुवर्ण-सोने, चूर्ण-चुना. प्रमाण मराठीत 'न'चा 'ण' झाला आहे आणि 'ण'चा 'न'. वर्गात ज्याला हसले गेले त्याचे 'पानी' संस्कृत 'पानीय'ला हसणाऱ्याच्या 'पाणी'हून जवळ होते.

२०/
दोन निवाडे शेजारी ठेवून पाहावेत. सानुनासिक स्वर : कोकणच्या तोंडी जिवंत, पुण्याच्या तोंडी विरलेला. निकाल : अनुच्चारित, म्हणून काढा. 'ण' : पुण्याच्या तोंडी जिवंत, अनेक बोलींत विरलेला. निकाल : शुद्ध, म्हणून राखा. दोन्ही ठिकाणी युक्तिवाद भिन्न आहेत, पण ज्या तोंडाकडे पाहून निकाल दिला गेला ते तोंड एकच आहे. यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. छापखाने, परीक्षा आणि विद्वत्ता जेथे एकवटतात तेथला उच्चार प्रमाण होतो. मात्र तो सोयीने आणि सत्तेने प्रमाण झाला, व्याकरणाच्या पावित्र्याने नव्हे, एवढे लक्षात राहिले पाहिजे.

२१/
हे केवळ मराठीतच घडले असे नाही. त्याच काळात चीनमध्येही असाच निर्णय झाला. १९५५-५६मध्ये तेथील शासनाने बीजिंगचा उच्चार हा राष्ट्रभाषेचा प्रमाण उच्चार ठरवला आणि १९५८ साली रोमन अक्षरांतील पिनयिन लेखन स्वीकारले. बीजिंगमध्ये 'जिन' म्हणजे सोने आणि 'जिंग' म्हणजे राजधानी. शेवटचा अनुनासिक ध्वनी शब्द बदलतो. नैऋत्येकडील सिच्वानची बोलीही मँडरिनच. पण चेंगडूच्या माणसाच्या तोंडी हे दोन्ही शब्द 'जिन'च होतात, आणि आरंभीचे 'न' आणि 'ल' एकमेकांत मिसळतात. शाळेत त्याला तो भेद घोकावा लागतो, जसा वऱ्हाडातील मुलाला 'न' आणि 'ण'चा. फरक असा की, चिनी नियमाने राजधानीच्या जिभेवर असलेला ध्वनी सर्वांच्या पाटीवर आणला; मराठी नियमाने पुण्याच्या जिभेवर नसलेला ध्वनी सर्वांच्या पाटीवरून पुसला.

२२/
काढलेले टिंब एका वेगळ्या दाराने परत आले. बोलताना 'असे केले' ऐवजी 'असं केलं' म्हटले जाते. पात्राच्या तोंडच्या अशा भाषेत अन्त्य अक्षरावर शीर्षबिंदू द्यावा, अशी सोय अठरा नियमांतच आहे. पण या टिंबाचा नाकाशी संबंध उरलेला नाही. पुणे-मुंबईच्या बहुतेक तोंडी ते केवळ लांबलेला 'अ' दाखवते. चिन्ह तेच, अर्थ बदलला. पुढे ते संवादातून बाहेर पडून थेट मुखपृष्ठावर आले : दया पवार यांचे आत्मकथन १९७८ साली आले, ते 'बलुते' नव्हे, 'बलुतं' या नावाने. बोलीला अवतरणचिन्हांत ठेवणाऱ्या लेखनव्यवस्थेला तो ठिपकाही एक उत्तर होता.

२३/
कोकणचे नाक गप्प बसले नाही ते रंगभूमीवर. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभे राहिले. ते कामगार रंगभूमीचे माहेरघर. कोकणातील मंडळींची हौशी नाटके गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. १९८० साली गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' व्यावसायिक रंगमंचावर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. जी बोली तोवर नाटकात गडी किंवा रामा यांच्या तोंडी हशा पिकवण्यापुरती येई, ती नायकाची झाली. दोनच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि ज्या चाळींनी ही बोली शहरात जगवली त्यांचा आधारच ढासळला.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकांना यात एक व्यावहारिक धडाही आहे. अठरा नियमांपैकी एक असा : केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे, या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांनुसार छापावे. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ची. म्हणजे आगरकर, टिळक, हरिभाऊ आपटे यांचे आजच्या आवृत्तीत दिसणारे लेखन त्यांच्या अक्षरांत नाही. त्यावरची टिंबे नंतर उतरवलेली आहेत. एखाद्या लेखकाने 'केलें' लिहिले होते की 'केले', यावर निष्कर्ष काढायचा असेल तर पहिली आवृत्तीच पाहावी लागते. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांचे मोल येथे कळते.

२५/
'गिरगांव'चे 'गिरगाव' झाल्याने कोणाचे अन्न तुटले नाही. लेखन सोपे झाले, हे चांगलेच झाले. टिंबे परत आणावीत असे आज क्वचितच कोणी म्हणेल. परंतु नियम ही सोय असते, गुणवत्तेची पावती नसते. नाकातून बोलणारी लालबागची आजी जुन्या शिलालेखाचे व्याकरण जिभेवर बाळगून आहे. 'पानी' मागणारा मुलगा भाषेच्या दुसऱ्या, तितक्याच जुन्या वाटेने आलेला आहे. प्रमाण लेखन सर्वांनी शिकावे. पण शिकवताना 'तुझे चूक आहे' याऐवजी 'तुझे वेगळे आहे, आणि त्यालाही इतिहास आहे' एवढे म्हटले, तर पुसलेल्या टिंबाची भरपाई होईल.

धागा समाप्त.